क्रमाचे प्रामाण्य

मनुष्याने काय पाहावे यापेक्षा काय आधी पाहावे हा प्रश्न वरकरणी गौण दिसतो. परंतु ज्याला दिवसाचे चोवीसच तास आणि त्यांतही एकाग्र होता येण्याजोगे दोन-तीनच तास लाभले आहेत, त्याच्या बाबतीत 'आधी काय' याचा निर्णय हाच पुष्कळदा 'काय' याचा निर्णय ठरतो, कारण जे मागे पडले ते बहुधा पाहिलेच जात नाही. समाजमाध्यमांवरील फीडचा क्रम कोणी आणि कशाच्या आधारे लावावा, हा गेल्या दीड दशकात उपस्थित झालेला वाद म्हणूनच यंत्रविद्येच्या जाणकारांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो धर्ममीमांसेचा आहे आणि आपल्या शास्त्रकारांना तो चांगलाच परिचित होता.

प्रथम वस्तुस्थिती. फेसबुकने आपले न्यूज फीड २००६ च्या सप्टेंबरात सुरू केले आणि २००९ साली त्यात लोकप्रियतेनुसार निवडलेला मजकूर अग्रभागी ठेवण्याची रीत पाडली. ट्विटरने २०१६ च्या फेब्रुवारीत तोच मार्ग धरला आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनेही तशी घोषणा केली. तोवर तेथील व्यवहार सरळ होता. ज्यांचे लेखन वा चित्रे पाहण्याची इच्छा वाचकाने स्वतः नोंदविली होती, त्यांचा मजकूर, शेवटी आलेला सर्वांत वर, या क्रमाने त्याच्यापुढे येई. नव्या रीतीत प्रत्येक मजकुराला गुण मिळू लागले. हा वाचक यावर थांबेल काय, पसंती दर्शवील काय, प्रत्युत्तर देईल काय, पुढे पाठवील काय, याची संभाव्यता त्याच्या पूर्ववर्तनावरून यंत्राने अजमावायची आणि त्या अजमासाप्रमाणे क्रम बसवायचा. इन्स्टाग्रामने त्या वेळी दिलेले कारण असे, की माणसे आपल्या फीडमधील सरासरी सत्तर टक्के मजकूर पाहतच नाहीत, तेव्हा जो थोडा भाग ती पाहतील तो तरी त्यांच्या आवडीचा असावा. कारण वाजवी आहे, आणि त्याचा परामर्श पुढे घेतलाच पाहिजे. वाचकांचा असंतोष वाढल्यावर ट्विटरने २०१८ च्या अखेरीस आणि इन्स्टाग्रामने २०२२ च्या मार्चमध्ये कालक्रमाचा पर्याय परत दिला. तो घ्यावा की न घ्यावा, आणि घेतल्यास कोणत्या भूमिकेवरून, एवढाच या लेखाचा विषय.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रमाच्या विचाराला वाहिलेला आहे. यज्ञातील अनेक कर्मे एकाच कर्त्याला एकाच वेळी करता येत नाहीत, म्हणून कोणते आधी व कोणते नंतर हे ठरवावे लागते. आणि ते ठरविण्यास मीमांसकांनी सहा प्रमाणे मानली: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. यांत जे आधीचे ते नंतरच्याहून बलवत्तर. अर्थक्रमाचे त्यांचे ठरीव उदाहरण मोठे मार्मिक आहे. वेदवाक्यांच्या पाठात अग्निहोत्राचे हवन आधी सांगितले आहे आणि यवागू, म्हणजे जवाची पेज, शिजविण्याचे विधान मागाहून येते. परंतु जी पेज अर्पण करावयाची ती शिजल्याखेरीज हवन कशाचे करणार, म्हणून येथे पाठाचा क्रम बाजूला सारून प्रयोजनाचा क्रम घ्यावा, असा निर्णय त्यांनी दिला. अशा बारकाव्यांत शिरण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: या सहा प्रमाणांत ऋत्विजाची रुची, यजमानाची लहर किंवा दक्षिणेचा आकडा यांपैकी एकालाही स्थान नाही. क्रम लावणाऱ्याचा हितसंबंध हे क्रमाचे प्रमाण होऊ शकत नाही, ही गोष्ट त्यांना इतकी उघड वाटली असावी की तिचे खंडनसुद्धा त्यांनी केले नाही.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात याहून उपयोगी असा एक भेद आहे. जे अंग यज्ञाच्या सिद्धीसाठी असते ते क्रत्वर्थ, आणि जे यज्ञ करणाऱ्या पुरुषाच्या इष्टासाठी असते ते पुरुषार्थ. फीडचा क्रम या दोहोंपैकी कोणता, असे विचारले तर चालक कंपन्या 'पुरुषार्थ' असे सांगतील, म्हणजे वाचकाच्या सुखासाठी आम्ही हे करतो असे म्हणतील. परंतु २०२३ साली फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीला मिळालेल्या सुमारे १३५ अब्ज डॉलरांपैकी सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले होते, आणि वाचक जितका अधिक काळ रेंगाळेल तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. तेव्हा हा क्रम मुख्यत्वे क्रतूसाठी आहे, वाचकाचे सुख हे त्यातील एक अंग आहे, आणि अंग व अंगी यांच्यात विरोध आला म्हणजे कोणाचे चालते हे मीमांसकाला सांगावे लागत नाही. कंपनीने नफा मिळवू नये असे माझे म्हणणे नाही. एकाच्या प्रयोजनासाठी लावलेला क्रम दुसऱ्याचे प्रयोजन म्हणून खपविला जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

यावर पूर्वपक्ष असा, की यंत्र जे वर आणते ते अखेर तुम्हालाच आवडते. तुम्ही थांबलात, वाचलेत, पुन्हा पाहिलेत, म्हणून तर ते वर आले. या युक्तिवादाचा पाया असा, की मनुष्याचे वर्तन हीच त्याची इच्छा. कठोपनिषदातील यमाने नचिकेत्यापुढे श्रेय आणि प्रेय ही जी दोन वेगळी टोके ठेवली, त्यांचा सगळा भार या पायाच्या नाकारावर आहे: मनुष्यापुढे दोन्ही येतात, आणि त्यांची पारख करून एक घेणे हे त्याचे काम आहे. रस्त्यावर अपघात झाला असता जाणारा-येणारा क्षणभर थबकतो, त्यावरून त्याला रोज सकाळी एक अपघात दाखवावा असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. यंत्र नेमका तोच काढते, कारण पारख करणारा मनुष्य आणि थबकणारा मनुष्य हे त्याच्या हिशेबी एकच आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, आणि पुढे संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी जी परंपरा सांगितली आहे, तिची पहिली पायरी मन एखाद्या विषयावर रेंगाळणे ही आहे. गीतेने जी पतनाची सुरुवात म्हणून दाखविली, तीच येथे आवडीचा पुरावा म्हणून दाखल करून घेतली जाते आणि तिच्याबरहुकूम पुढचा विषय हजर केला जातो. क्रोधाच्या पायरीवर तर हा व्यवहार विशेषच भरभराटीस येतो, हे या माध्यमांवर अर्धा तास घालविलेल्या कोणालाही सांगावयास नको.

कालक्रमाच्या बाजूने माझ्या मते जो सर्वांत बळकट मुद्दा आहे तो मात्र मनःशांतीचा नसून पडताळ्याचा आहे. आपल्या जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवसाखाली नोंदवायचे, मग ती लाखाची रसद असो की सनदेसाठी आलेला एखादा किरकोळ अर्ज असो. खतावणी तिच्यावरून मागाहून, खातेवार, हेतुपूर्वक तयार व्हायची. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकिर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेले वेचे काढले. त्यांत त्यांनी काय घेतले व काय गाळले याबद्दल आज कोणाला शंका आलीच तर मूळ दप्तर जागेवर आहे. निवड करण्यास हरकत नाही. निवडीविना इतिहास लिहिलाच जात नसतो. परंतु ज्या निवडीच्या मागे पडताळा घेण्याजोगी रोजकीर्द शाबूत नाही, ती निवड विश्वासावर नव्हे, बेमालूमपणावर चालते. आजच्या फीडमध्ये तर प्रत्येक वाचकाची खतावणी निराळी, आणि ती कोणत्या नियमाने उतरली हे ना त्याला ठाऊक, ना त्याच्या शेजाऱ्याला. दोघांनी आपापल्या वह्या ताडून पाहाव्यात म्हटले तर ताडण्यास समान असे काही उरत नाही.

हे निव्वळ तात्त्विक भय नव्हे. ९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात फर्ग्युसन या गावी मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला आणि तेथे निदर्शने उसळली. समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी त्या दिवसांत असे नमूद केले, की कालक्रमाने चालणाऱ्या तत्कालीन ट्विटरवर त्यांना ती निदर्शने त्या त्या घटकेला दिसत होती, तर फेसबुकच्या निवडलेल्या फीडवर बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेणाऱ्यांच्या त्या वेळी गाजलेल्या ध्वनिचित्रफिती अग्रभागी होत्या. फेसबुकने बातमी दडपली असे यात सिद्ध होत नाही. बादलीवर पसंती दर्शविणे सोपे असते आणि मृत्यूवर कठीण, एवढ्याने काम भागले. आपल्या धर्मकृत्यांत संकल्पाच्या आधी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी यांचा उच्चार करून कर्ता आपण कोठे आणि कोणत्या घडीला उभे आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. निवडलेल्या फीडमध्ये तीन दिवसांपूर्वीचा विनोद, आजची शोकवार्ता आणि गेल्या आठवड्यातील भांडण एकाच वर्तमानकाळात येऊन बसतात, आणि देशकालाचे ते भान पहिल्यांदा जाते.

तथापि कालक्रमाला पावित्र्य बहाल करण्याचा मोह टाळला पाहिजे. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या सुमारास, संमती दिलेल्या हजारो वाचकांची फीड तीन महिने कालक्रमाने ठेवून संशोधकांनी जी पाहणी केली आणि जी २०२३ च्या जुलैमध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्ष कालक्रमाच्या भाबड्या कैवाऱ्यांना अडचणीचा आहे. वाचकांचा या माध्यमांवरील वेळ घटला, फेसबुकवर असभ्य भाषेचा मजकूर कमी दिसला, हे खरे; पण राजकीय आणि अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर वाढला, आणि राजकीय मतांच्या ध्रुवीकरणात लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय कालक्रमाचा स्वतःचा एक अन्याय आहेच: जो दिवसातून वीसदा बोलतो तो वीसदा दिसतो, आणि जो वर्षातून एकदा मुलीच्या लग्नाची बातमी देतो तो त्या गदारोळात हरवतो. इन्स्टाग्रामच्या सत्तर टक्क्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे ते एवढे. परंतु या दोन अन्यायांत एक मोठा भेद आहे. वाचाळाचा उपद्रव मला दिसतो, त्याचे कारण मला कळते आणि त्याला यादीतून वगळणे माझ्या हाती असते. दुसऱ्या अन्यायात काय वगळले गेले हेच दिसत नसल्याने दाद कशाविरुद्ध मागावी हेही सुचत नाही. कालक्रम शहाणा नाही, दयाळूही नाही; तो फक्त कोणाचा पक्षकार नाही, आणि शहाणपणाचे काम तो आपल्यावर परत टाकतो. ज्यांना ते काम नको आहे त्यांनी यंत्राचा क्रम खुशाल ठेवावा, फक्त ती आपली आवड आहे असे म्हणू नये.

ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. ते दिल्यास सर्व सुखाला पात्र व्हाल असे आश्वासन देऊन लगेच ते सांगतात की ही प्रौढी नव्हे, सलगीची विनवणी आहे. गीतेचा अर्थ सांगण्यास बसलेला पुरुष अवधान स्वतःहून हिरावून घेत नाही, ते श्रोत्याच्या मालकीचे आहे असे धरून चालतो. आणि श्रोत्याने ते दिले तरच ते दान ठरते. जे मागितल्याशिवाय घेतले गेले त्याला दान म्हणता येत नाही, मग घेणाऱ्याने मोबदल्यात कितीही मनोरंजन केलेले असो.

म्हणून आपल्या बाजूने क्रम बदलून घ्यावा, असेच मी सुचवीन. पण येथे एक व्यावहारिक खोच आहे. इन्स्टाग्राममध्ये 'फॉलोइंग' हा पर्याय निवडला असता मजकूर कालक्रमाने येतो खरा, परंतु ॲप बंद करून पुन्हा उघडले की यंत्राचा क्रम पूर्ववत होतो, म्हणजे केलेला संकल्प दर वेळी दुसऱ्याच्या हातून मोडला जातो. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या ३८ व्या कलमाने, महिन्याला साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वाचक असलेल्या माध्यमांवर, वाचकाच्या वर्तनाच्या नोंदींवर न बेतलेला किमान एक क्रम देण्याची सक्ती केली आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने नेदरलँड्समधील वाचकांपुरता मेटाला असा आदेश दिला, की वाचकाने केलेली ही निवड ॲप पुन्हा उघडल्यावरही टिकली पाहिजे. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात फीडच्या क्रमाविषयी असे कलम नाही. ते असावे, आणि त्यासाठी खासदारांकडे अर्ज करण्याइतका हा प्रश्न आपल्या विचारी वाचकांनी ऐहिक मानावा.