मजकूर लिहिणाऱ्याचा अधिकार

मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर ज्या रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरे पिढ्यानपिढ्या तगली, त्याच जिल्ह्यातील पदवीधर मुलीला आज मारुती मंदिराच्या परिसरातील एखाद्या माडीवर बसून दूरच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती लिहिण्याची नोकरी मिळावी, ही गोष्ट मी लहान मानत नाही. घर न सोडता मिळणाऱ्या वेतनाची, मग ते तुटपुंजे का असेना, कोकणाने फार काळ वाट पाहिली आहे. मात्र डिजिटल मार्केटिंगच्या कचेरीतील या सर्वांत खालच्या पायरीवर पगाराहूनही गंभीर अशी एक उणीव मला दिसते: शब्द तिने लिहावयाचे, पण त्यांच्या खरेपणाविषयी विचारणा करण्याचा अधिकार तिला नाही.

एप्रिलमधला एखादा दिवस घ्या. व्हॉट्सॲपवर क्लायंटने पाठविलेली आंब्याची छायाचित्रे येतात, दुपारपूर्वी पोस्ट गेली पाहिजे अशी ताकीद येते, आणि ‘अस्सल रत्नागिरी हापूस, अढीत पिकवलेला’ हा मजकूर तिच्या हातून उतरावयाचा असतो. ती बागायतदाराच्या घरची असली, तर जाड सालीवरून आणि कापलेल्या फोडीच्या फिकट पिवळ्या रंगावरून हा माल परप्रांतीचा असावा, अशी शंका तिला पहिल्या नजरेतच येते. परंतु क्लायंट आणि ती यांच्यामध्ये वरिष्ठ उभे असतात, मुदत उभी असते, आणि शंका बोलून दाखविण्याचा शिरस्ता तेथे नसतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव परक्या मालाला खोटेपणाने लावणे गुन्हा ठरले, २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातसंस्थेलाही दाव्याच्या सत्यतेबद्दल जबाबदार धरले. तरी तिच्या टेबलापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. मला भय वाटते ते याचे, की खातरजमा न करता ‘अस्सल’ लिहिण्याची सवय जडलेले मन हळूहळू शंका घेण्याचेच सोडून देते, आणि ज्या पारखीने ती या कामाला सर्वाधिक लायक होती, ती पारखच बोथट होते.

तिचा मजकूर तिच्या नावाविना बाहेर पडतो. निनावी लेखनात मुळात काही गैर नाही. ‘केसरी’तले अग्रलेखही निनावी असत, पण १९०८ साली त्यांतील मजकुराबद्दल खटला भरला गेला, तेव्हा याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी संपादक या नात्याने त्याचा सारा भार स्वतःवर घेतला आणि सहा वर्षांची शिक्षा भोगली. लेखणी कोणाचीही असो, तिच्यामागे उभा राहणारा धनी होता; या मुलीच्या शब्दांमागे तसा कोणी उभा दिसत नाही.

म्हणून रत्नागिरीतील डिजिटल मार्केटिंग संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे, की दाव्याचा पुरावा मागण्याचा, आणि तो न मिळाल्यास मजकूर रोखून धरण्याचा लेखी अधिकार त्यांनी आपल्या कनिष्ठ लेखकांना नेमणूकपत्रातच द्यावा, आणि आंब्याच्या येत्या हंगामापूर्वी द्यावा.