इस्लापूरचा जिल्हा कोणता?

एसक्यूएल शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच चार आज्ञा येतात: सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट. डिलीट जपून वापरा, असं सगळेच बजावतात. अपडेटबद्दल सहसा कुणी बजावत नाही. मला मात्र तीच जास्त घातक वाटते. डिलीटनंतर निदान जागा रिकामी दिसते. अपडेटनंतर तिथे आधी वेगळं काही होतं, याचाच पत्ता राहत नाही.

इस्लापूर घ्या. आज ते नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ते हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यातून बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका वगळून मुंबई राज्याला जोडले गेले. १९६० साली त्याचं महाराष्ट्र झालं. गाव जागचं हललं नाही, पण त्याचा तालुका, जिल्हा आणि राज्य बदललं.

आता गावांच्या तक्त्यात 'जिल्हा' असा एकच रकाना आहे, असं समजा. एक अपडेट केलं की आदिलाबादचं नांदेड होतं. आजचा जिल्हा विचारला तर उत्तर बरोबर येईल. १९५० सालचा विचारला तरी 'नांदेड'च येईल, आणि तितक्याच ठामपणे.

ही इतिहासाची हौस नव्हे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे. तेव्हा कुटुंबाचं वास्तव्य कुठे होतं, याचा पुरावा लागतो. या भागात गोंड, कोलाम, आंध कुटुंबं आहेत. आजोबांच्या कागदावर आदिलाबाद आणि संगणकावर नांदेड असेल, तर दोन्ही खरं आहे हे कुणी पटवून द्यायचं? यंत्रणा जे विसरते, ते लक्षात ठेवण्याचं ओझं माणसावर पडतं. आणि ज्याच्याकडे कागद कमी, त्याच्यावर सर्वांत जास्त.

तलाठ्याच्या दप्तराला हे कळत होतं. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे नमुना सहामधली फेरफार नोंद सांगते. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करत आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. जुनं नाव वाचता येत असे.

डेटाबेसमध्येही हे करता येतं. गाव आणि जिल्हा यांचं नातं वेगळ्या तक्त्यात ठेवायचं, त्याला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा द्यायच्या. बदल झाला की जुनी ओळ बंद करायची, नवी उघडायची. नोंद केव्हा झाली, ती तारीख निराळी. गावाचा ओळखक्रमांक जिल्ह्याच्या क्रमांकावरून बनवायचा नाही. एसक्यूएलच्या २०११ च्या प्रमाणात अशा कालबद्ध तक्त्यांची सोय आहे. पुढे काय बदलेल हे रचनाकाराला माहीत नसतं. बदलेल, एवढं धरून चालावं लागतं.

खरी अडचण तंत्राची नाही. नाव चुकीचं टाइप झालं ही चूक. १९५६ साली जिल्हा बदलला हा बदल. अपडेटला दोन्ही सारखेच. फरक माणसानेच करायचा असतो, आणि तो न करणं हाही एक निर्णय असतो.

मग काहीच पुसू नये का? तसंही नाही. एखाद्याने नाव बदललं असेल आणि जुनं नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ नये असं त्याला वाटत असेल, तर कधीच न विसरणारा तक्ता त्याला जाच ठरेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. पण पेच असा, की आजोबांच्या जातीची तीच नोंद एका नातवाला हवी असते आणि दुसऱ्याला नकोशी.

मला वाटतं, जपणं आणि दाखवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. सरकारने स्वतः केलेले बदल सरकारने विसरू नयेत. ते कुणालाही पाहता यावेत. माणसाची स्वतःची जुनी ओळख मात्र त्याच्या संमतीशिवाय उघडू नये. तक्ता आखणाऱ्याला हे दोन्ही पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. नंतर ठरवू म्हटलं, तर तोवर पहिलं अपडेट होऊन गेलेलं असतं.