रांगेत उभं राहिलेलं मूल

२०१० च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेलस्ली गावच्या सरकारी शाळेतली सहावीची मुलं बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातली मशीद पाहायला गेली. जगातल्या प्रमुख धर्मांची ओळख हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. याच अभ्यासासाठी ती ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये गेली होती, ख्रिस्ती गॉस्पेल संगीत ऐकून आली होती, हिंदू धर्मीयांशीही बोलली होती. मशिदीत दुपारच्या नमाजाची वेळ झाली, तेव्हा काही मुलगे नमाज पढणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर वाकले. सोबत गेलेल्या एका आईनं त्याचं चित्रीकरण केलं. सप्टेंबरमध्ये ते लोकांसमोर आलं आणि गदारोळ झाला. मुलांनी कोणत्याही धार्मिक विधीत भाग घ्यावा असा आपला हेतू नव्हता, असं सांगून शाळांच्या प्रमुखांनी पालकांची माफी मागितली.

त्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका नियोजित इस्लामी केंद्रावरून अमेरिकेतलं वातावरण तापलेलंच होतं. त्यामुळे वेलस्लीवर तुटून पडणाऱ्या काहींच्या मनात मुसलमानांविषयी आकस होता, हे मान्य करायला हवं. पण तो आकस बाजूला काढला तरी प्रश्न उरतोच. मुलांना कुणी बळजबरी केली नव्हती. ती आपण होऊन उभी राहिली. मग चुकलं कुठे?

याचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्येच देऊन ठेवलं होतं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका सरकारी शाळेच्या निरोप समारंभात ज्यू धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. समारंभाला येणं सक्तीचं नव्हतं, प्रार्थनाही सौम्य होती. तरीही 'ली विरुद्ध वाइझमन' या खटल्यात न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती प्रथा घटनाबाह्य ठरवली. कोवळ्या वयाच्या मुलावर सवंगड्यांचा आणि शाळेचा जो अदृश्य दाब असतो, तोही दाबच आहे, असं न्यायालयानं मानलं. सगळे उभे असताना एकट्यानं बसून राहणं मोठ्या माणसांनाही जड जातं. अकरा-बारा वर्षांच्या पोराकडून ती हिंमत मागणं अन्याय आहे.

पालकांची चिठ्ठी घेतली की शाळेची जबाबदारी संपते, असं आपल्याला वाटतं. १९६३ च्या 'ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प' खटल्यात हीच समजूत मोडली गेली. पेनसिल्व्हेनियातल्या शाळांत रोज सकाळी बायबल वाचलं जाई, आणि पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला त्यातून सूट मिळे. ती सूट असूनही न्यायालयानं ती प्रथा बंद केली. मात्र त्याच निकालात हेही स्पष्ट केलं, की धर्माचा आणि बायबलचा वस्तुनिष्ठ अभ्यास शाळेत खुशाल व्हावा. म्हणजे धर्म शाळेच्या दाराबाहेर ठेवा, असं कुणी म्हटलेलं नाही. धर्म शिकवा, धर्माचरण करवून घेऊ नका, एवढीच मागणी आहे.

२०१६ मध्ये केंटकी राज्यात विल्यम्सटाउन इथं बायबलमधल्या नोहाच्या नौकेची ५१० फूट लांबीची प्रतिकृती उभी राहिली, तेव्हा ही रेषा पुन्हा तपासली गेली. पृथ्वीचं वय सुमारे सहा हजार वर्षं आहे, असं तिथं सांगितलं जातं. भूविज्ञान ते सुमारे साडेचार अब्ज वर्षं मानतं. सरकारी शाळांच्या मुलांना तिथं एका डॉलरात प्रवेश देऊ केला गेला. सहली नेऊ नका, अशी पत्रं एका धर्मनिरपेक्षतावादी संघटनेनं शाळांना पाठवली. जरूर न्या, असं नौका उभारणाऱ्यांनी सांगितलं. राज्याच्या शिक्षणप्रमुखांनी मुद्द्याचं उत्तर दिलं: सहल वर्गातल्या अभ्यासाशी जोडलेली हवी. मला हीच कसोटी खरी वाटते. स्वतःचा धर्मविचार पटवण्यासाठीच जे स्थळ उभारलं गेलं आहे, तिथं शाळा मुलांना घेऊन जाते आणि गप्प राहते, तेव्हा तिथला उपदेश शाळेचाच होऊन बसतो.

शाळा आणि धर्माचरण यांच्यामधल्या या रेषेमुळे धर्माचं नुकसान होतं, असं अनेक श्रद्धाळूंना मनापासून वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. धर्म आणि शासन यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख अध्यक्ष जेफरसन यांनी १८०२ मध्ये ज्या पत्रात केला, ते डॅनबरीच्या बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेलं होतं. ते बाप्टिस्ट स्वतः धर्मनिष्ठ होते, आपल्या राज्यात अल्पसंख्य होते आणि सरकारमान्य पंथाचा जाच त्यांना ठाऊक होता. ज्या भक्तीला शाळेच्या हजेरीपटाचा आधार लागतो, ती भक्ती दुबळी राहते.

आपल्या संविधानानं हे ओळखलं आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, असं अनुच्छेद २८ सांगतो. तरीही आपल्याकडच्या सहलीत किल्ला, धरण आणि देवस्थान एकाच दिवसात उरकतात. देवळात शिरताच रांग लागते, टिळा लावला जातो, हात जोडा म्हणून सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण त्याच रांगेत एखादं मुसलमान, ख्रिस्ती किंवा बौद्ध मूल असतं, कधी नास्तिक घरातलंही असतं, आणि त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं: घरच्यांचं मन मोडायचं की बाईंचं?

वेरूळला ३४ लेणी आहेत: बौद्ध, हिंदू आणि जैन, एकाच डोंगरात, शेजारी शेजारी. तिथं मुलांना जरूर न्यावं. कैलास लेणं वरून खाली कसं खोदत आणलं, बुद्धमूर्तीची मुद्रा काय सांगते, जैन लेण्यांतलं कोरीवकाम किती नाजूक आहे, हे तपशिलानं दाखवावं. गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकाही दाखवावी. धर्म न समजता महाराष्ट्र समजत नाही, गोवाही समजत नाही. फक्त दाखवणं आणि करायला लावणं यांतली सीमा शिक्षकानं आधीच, वर्गात, स्वच्छ शब्दांत सांगावी: आपण इथं पाहायला आणि समजून घ्यायला चाललो आहोत, पूजा, प्रार्थना हा तुमचा आणि तुमच्या घराचा विषय आहे.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत आज असंख्य मराठी मुलं शिकतात. आपल्या लेकीला शाळेनं चर्चमध्ये गुडघे टेकायला लावू नयेत, असं तिथल्या आईबापांना वाटतं, आणि ते रास्तच आहे. तोच न्याय इथल्या वर्गातल्या एकट्या मुलाला मिळायला हवा. आपण बहुसंख्य असतो तिथं हा नियम पाळला, तरच आपण अल्पसंख्य असतो तिथं तो मागण्याचा अधिकार आपल्याला उरतो. मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी यंदाच्या सहलीची यादी करायला बसताना वर्गातल्या त्या एका मुलाचं नाव आधी आठवावं, आणि मगच बाकीचं ठरवावं.