शेजारच्या घराची वेळ

बंगळुरात इंदिरानगरातल्या मराठी घरात गेलात तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय हमखास दिसतं. आपण त्यात चतुर्थी बघतो, एकादशी बघतो, दूधवाल्याचा खाडा लिहितो. त्याच चौकोनांत रमजान ईद, मोहरम, नाताळ, पारशी नववर्षही छापलेलं असतं. नजर तिथून सहज पुढे जाते. ती तिथे घडीभर थांबवायची सवय लावून घ्यावी, एवढंच आज सांगायचं आहे. शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायला ग्रंथ वाचता आले तर उत्तमच. पण त्याआधी त्याचा दिवस कसा जातो, हे माहीत असावं.

रमजानचंच बघा. मुस्लिम महिने चंद्रावर चालतात, तसे आपलेही. आपण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. तिकडे अधिक महिना नसतो. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी तो थंडीत येतो, कधी ऐन एप्रिलच्या उन्हात. सीएमएच रोडवर संध्याकाळी मेट्रोच्या खांबांखाली गाड्या खोळंबलेल्या असतात. उकाडा असतो. आपण रिक्षावाल्यापुढे पाण्याची बाटली धरतो. तो हसून म्हणतो, “नक्को मॅडम, रोजा है.” समोरच्या काचेशी कागदाच्या पुडीत तीन-चार खजूर ठेवलेले असतात. सूर्य मावळायला थोडाच वेळ उरलेला असतो. अशा वेळी “जरा लवकर चला” हे तोंडावर आलेलं वाक्य गिळावं आणि “रस्त्यात थांबायचं असेल तर थांबा” म्हणावं. एक खजूर, दोन घोट पाणी. आपला फार तर एक सिग्नल चुकतो.

असं थांबणं या शहराला नवं नाही. चैत्री पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेटेतल्या धर्मरायस्वामींच्या देवळातून करगा निघतो. द्रौपदीचा हा उत्सव तिगळ समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. मोगऱ्याने मढवलेला करगा, म्हणजे घट, डोक्यावर घेऊन पुजारी चालतो, सोबत तलवारी घेतलेले वीरकुमार. ही मिरवणूक कॉटनपेटेतल्या हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात जाते आणि मग पुढच्या वाटेला लागते. २०२२ साली काही जणांनी मागणी केली की करगा दर्ग्यात नेऊ नये. दर्ग्याची मंडळी देवळात जाऊन आमंत्रण देऊन आली. देवळाच्या मंडळींनी सांगितलं, परंपरा मोडणार नाही. त्या वर्षी रमजान चालू होता, आणि करगा नेहमीसारखा दर्ग्यात गेला. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते आमंत्रण. शेकडो वर्षांची रीत असूनही कुणीतरी उठून दार ठोठावायला गेलं.

आपल्या मराठी माणसांना तर यात परकं वाटावं असं काहीच नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शिवरायांच्या वडिलांचं नाव आपण घेतो, त्यात पिराची ही आठवण आहे.

आता कामावर निघताना थोडं ऑफिसचं बोलू. रमजान ईदची सुट्टी चंद्रदर्शनावर ठरते. म्हणून टीममधली सहकारी आदल्या दिवशीही “उद्या की परवा, नक्की सांगता येत नाही” म्हणते. त्यात टाळाटाळ नसते. दोन्ही दिवस मोकळे ठेवले की तिचा जीव केवढा हलका होतो! शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, तेव्हा एकची मीटिंग अकराला घेता येते. रमजानमध्ये संध्याकाळी सहानंतरचा कॉल चारला घेता येतो. कुणाचं काही बिघडत नाही.

फक्त विचारताना एक सांभाळावं. “तुमच्या लोकांत काय करतात?” असं विचारू नये. एकट्या माणसावर अख्ख्या धर्माची उत्तरं देण्याचा भार पडतो. बंगळुरात दखनी बोलणारे मुसलमान आहेत, केरळचे माप्पिळा आहेत, तमिळ बोलणारे आहेत, कच्छी मेमन आहेत. एकाच्या घरची ईद दुसऱ्याच्या घरासारखी नसते. केरळात तर ती कधी कधी एक दिवस आधीच होते. म्हणून घरचं विचारावं. आईचा आजचा रोजा कसा चाललाय? मुलाने यंदा पहिला रोजा धरला का? ईदला गावी जाणार की इथेच? माणसं आनंदाने सांगतात. शीरखुर्म्याला शेवया कुठून आणल्या, इथपर्यंत सांगतात. आणि मग तीही विचारतात, तुमचा पाडवा यंदा कधी आहे?