तुरीवरील पिसारी पतंग आणि अहिंसेतील अप्रमाद

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत तूर कळ्या-फुलांवर आली, की शेंगा पोखरणाऱ्या किडींचा उपद्रव सुरू होतो, आणि त्यांपैकी पिसारी पतंग ही इवलीशी कीड अहिंसेच्या विचारापुढे एक अवघड प्रश्न ठेवते: जो जीव मारायचा, त्याची नेमकी ओळख पटवणे हे केवळ शेतीशास्त्राचे काम आहे, की धर्माचेही?

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसा म्हणजे नुसते प्राणहरण नव्हे. ते प्रमादातून, म्हणजे बेसावध व विकारवश वृत्तीतून घडलेले असावे लागते. जैन आचारविचाराने गृहस्थापुरते संकल्पी, म्हणजे हेतुपूर्वक केलेली हिंसा वर्ज्य ठरवली, तर उपजीविकेत अटळपणे घडणारी उद्योगी हिंसा मर्यादेत सोसली. फवारणी उपजीविकेसाठी असली तरी ती ठरवूनच केली जाते, त्यामुळे तिला सरसकट उद्योगी म्हणून मोकळे होता येत नाही. येथे निर्णायक ठरते ती सावधता, आणि सावधतेची सुरुवात पाहण्यापासून होते.

पिसारी पतंगाची मादी कोवळे शेंडे, कळ्या व शेंगा यांवर एकेक सुटे अंडे घालते. त्यातून निघालेली हिरवट-तपकिरी, बारीक केसांची व काट्यांची अळी पूर्ण वाढूनही जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरते. ती आधी शेंगेची साल खरवडते, मग छिद्र पाडून दाणे खाते, पण स्वतः शेंगेत पूर्णपणे शिरत नाही. कोष बहुधा शेंगेवरच होतो आणि तो अळीसारखाच दिसतो. पतंगाचे पुढचे पंख दोन व मागचे तीन भागांत चिरलेले, पिसांसारखी झालर असलेले असतात. हा सारा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो. जैन परिभाषेत अंडे, अळी, कोष आणि पतंग हे एकाच जीवद्रव्याचे पर्याय, म्हणजे बदलत्या अवस्था होत. परंतु दाणे खाते ती केवळ अळी, आणि कोषावर केलेली फवारणी पिकाला फारसे काही देत नाही.

मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीच्या दिवशी, लातूरकडचा शेतकरी याच शिवाराची पूजा करून आंबील शिंपडतो. शेताविषयीचा हा आदर ग्रंथांइतकाच खरा आहे, पण फवारणीआधीच्या सावधतेला मोजणीचीही जोड लागते. कृषिशास्त्राची ‘आर्थिक नुकसानीची पातळी’, म्हणजे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होईल अशी अळ्यांची संख्या, पैशाच्या हिशेबातून आली असली तरी ती झाडे तपासून अळ्या मोजायला लावते. मात्र अळीच्या शरीरात वाढणारे परोपजीवी कीटक या मोजणीत येत नाहीत, आणि जहाल रासायनिक फवारणीत तेही मरतात.