निष्ठा कोणावर आणि कशासाठी?



एखादा माणूस निष्ठावान आहे एवढं कळलं, की तो चांगलाच असणार असं धरून चालता येतं का? निष्ठा हा शब्द आपल्याला इतका जवळचा आहे, की त्याबद्दल शंका काढायलाही मन कचरतं. पण चोरांच्या टोळीतसुद्धा निष्ठा असतेच की! मग त्या निष्ठेला सद्गुण म्हणायचं का?

या वेळी आम्ही या प्रश्नाकडे जरा वेगळ्या वाटेने जाणार आहोत. बालवर्ग घेणाऱ्या आम्हा भगिनींना मुलांमुळे 'ट्रान्सफॉर्मर्स'ची ओळख झाली. त्यातल्या खलनायकांपैकी खरा निष्ठावंत कोण, यावर मुलं तावातावाने भांडतात. म्हणून आम्हीही जुने भाग पाहिले, आणि आपला प्रश्न त्यात आम्हाला फार स्वच्छ दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची खेळणी ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. रूप बदलून गाडी, विमान वगैरे होणारे हे यंत्रमानव. त्याच वर्षी त्यांची कार्टून मालिका आणि कॉमिक सुरू झालं. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावर त्यांचे दोन पक्ष आहेत. ऑटोबॉट हे सज्जन, त्यांचा नेता ऑप्टिमस प्राइम. डिसेप्टिकॉन हे दुर्जन, त्यांचा नेता मेगाट्रॉन. सज्जनांचं प्रेम आणि मैत्री समजायला सोपी आहे. दुर्जनांचे आपसातले संबंध पाहण्यासारखे आहेत.

मेगाट्रॉनच्या हाताखाली स्टारस्क्रीम आहे. तो लढाऊ विमान होतो. भागामागून भाग तो मेगाट्रॉनची जागा बळकवायला बघतो, पकडला गेला की पाया पडतो, स्तुती करतो, आणि पुन्हा तेच. दुसरा साउंडवेव्ह. हा कॅसेट प्लेअर होतो. रॅवेज, लेझरबीक, रंबल हे त्याचे छोटे साथीदार कॅसेट होऊन त्याच्या छातीत राहतात. तो कमी बोलतो, सांगितलेलं काम चोख करतो. तिसरा शॉकवेव्ह, एका डोळ्याचा. मेगाट्रॉन पृथ्वीवर येऊन चाळीस लाख वर्षं निपचित पडला होता, तेव्हा मालिकेतला हा शॉकवेव्ह सायबरट्रॉन सांभाळत त्याची वाट पाहत राहिला. आता बघा, चाळीस लाख वर्षं! आपल्याकडे कोणी चार महिने वाट पाहत नाही.

वरवर पाहिलं तर हिशोब सोपा आहे. स्टारस्क्रीम दगाबाज, बाकीचे दोघे निष्ठावान. मुलंही असंच म्हणतात. पण १९८६ च्या चित्रपटात एक प्रसंग आहे, तो नीट पाहिला की हा हिशोब मोडतो.

मोठी लढाई होते. ऑप्टिमस प्राइमशी लढताना मेगाट्रॉन जबर जखमी होतो. डिसेप्टिकॉन पळ काढतात. जमिनीवर पडलेल्या मेगाट्रॉनला साउंडवेव्हच उचलून ॲस्ट्रोट्रेनमध्ये नेतो. इथपर्यंत डोळे भरून यावेत अशीच निष्ठा. पण वाटेत ॲस्ट्रोट्रेन सांगतो की वजन फार झालंय, कमी करा. मग जखमींना बाहेर फेकावं असा विचार पुढे येतो. मत घेतलं जातं. धडधाकट असलेले 'हो' म्हणतात, जखमी 'नाही' म्हणतात. जखमींना अंतराळात लोटलं जातं, आणि शेवटी स्टारस्क्रीम खुद्द मेगाट्रॉनला बाहेर टाकतो.

त्या वेळी साउंडवेव्ह कुठे होता? तिथेच होता. तो अडवताना दिसत नाही. उलट पुढच्याच क्षणी नेता कोण व्हायचं यावर भांडण जुंपतं, आणि त्यात साउंडवेव्हही आपला हक्क सांगतो!

आम्हाला वाटतं, सगळी गोष्ट या एका प्रसंगात आली. मेगाट्रॉनने आयुष्यभर आपल्या माणसांना काय शिकवलं? जो बलवान तोच जगेल, तोच राज्य करेल. त्या दिवशी त्यांनी त्याचीच शिकवण त्याच्यावर चालवली. जे पेरलं ते उगवलं, दुसरं काही नाही. धाकाने बांधलेली माणसं धाक असेपर्यंतच आपली असतात.

आणि साउंडवेव्हचं काय? त्याची निष्ठा मेगाट्रॉन नावाच्या जीवावर होती, की त्याच्या ताकदीवर? ताकद गेली आणि निष्ठाही गेली, तर ती पहिल्यापासून ताकदीवरच होती असं म्हणावं लागेल. शॉकवेव्हचंही तसंच. मालिकेत तो एकनिष्ठ पहारेकरी आहे, पण कॉमिकमध्ये तोच शॉकवेव्ह मेगाट्रॉनला बाजूला सारून नेता होतो. कारण एकच, तर्काने पाहता आपण अधिक योग्य! हिशोबावर उभी असलेली निष्ठा हिशोब बदलला की बदलते. तिला दगा म्हणायचंही कारण नाही, ती निष्ठा नव्हतीच.

मग या टोळीत खरा कोणी होता का? आमच्या मते एक होता, स्कायफायर. मालिकेच्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट आहे. युद्धाच्या आधी स्टारस्क्रीम आणि स्कायफायर दोघे शास्त्रज्ञ होते, एकमेकांचे मित्र होते. पृथ्वीवर शोधमोहिमेत स्कायफायर वादळात सापडून बर्फाखाली गाडला गेला. स्टारस्क्रीमने त्याला शोधलं, तो मिळाला नाही. (म्हणजे हा स्टारस्क्रीमसुद्धा कधी काळी मित्रासाठी वादळात फिरला होता, हे विसरू नये.) लाखो वर्षांनी डिसेप्टिकॉन त्याला बर्फातून बाहेर काढतात, मित्राच्या शब्दावर तो त्यांना सामील होतो. पण कैदेत असलेल्या असहाय जीवांना संपव असं सांगितल्यावर तो सरळ नकार देतो. तेव्हा स्टारस्क्रीम, तोच जुना मित्र, त्याच्यावर गोळी झाडतो.

स्कायफायर शेवटी पक्ष बदलतो. कोणी म्हणेल, हाही फितूरच की! पण इथे आपल्या रामायणातला बिभीषण आठवतो. त्याने रावणाला भर सभेत सांगितलं, ऐकलं नाही तेव्हा उघडपणे निघून गेला. स्टारस्क्रीम मेगाट्रॉनच्या तोंडावर गोड आणि पाठीमागे सुरी. दोघांनीही आपल्या स्वामीला सोडलं, पण एकाने त्याची चूक सोडली आणि दुसऱ्याला त्याची खुर्ची हवी होती. कुंभकर्ण तर त्याहून वेगळा. त्याने रावणाला त्याची चूक ऐकवली आणि मग त्याच्याच बाजूने लढून मेला. तो चुकला असं म्हणूया, पण मुका तरी नव्हता. साउंडवेव्ह मुका राहिला.

म्हणून आम्हाला असं वाटतं की दगाबाज माणसाइतकंच नुकसान मुका निष्ठावंत करतो. दगाबाजापासून नेता सावध तरी राहतो. मेगाट्रॉन स्टारस्क्रीमला पुरता ओळखून होता. पण जो नेहमी 'जशी आज्ञा' म्हणतो, त्याच्यामुळे आपण बरोबरच आहोत असं नेत्याला वाटत राहतं. चूक करणाऱ्याला रोज नवं बळ मिळतं ते अशा शांत माणसांकडून.

हे फक्त यंत्रमानवांचं नाही. आम्हा गृहिणींना हे लवकर समजावं. घरात शांतता राहावी म्हणून आपण किती वेळा गप्प बसतो! दुकानाच्या हिशोबात काही बरं चाललेलं नाही, मुलगा उद्धटपणे बोलतोय, सुनेवर अन्याय होतोय, हे दिसत असतं. पण 'आपल्याच माणसाविरुद्ध कसं बोलायचं' म्हणून आपण ताट वाढून मोकळ्या होतो आणि त्याला निष्ठा म्हणतो. सेवेच्या कामातही तेच. समोर 'हो हो' आणि बाहेर चपला घालताना कुजबुज, हा स्टारस्क्रीमचा मार्ग. सगळं दिसूनही कधीच काही न बोलणं, हा साउंडवेव्हचा. तिसरा मार्ग कठीण आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला एकांतात, नम्रपणे, पण स्पष्ट सांगायचं आणि तरीही त्याच्या भल्याची इच्छा सोडायची नाही.

एक शेवटची गोष्ट. २०१३ मध्ये संपलेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स प्राइम' या नव्या मालिकेच्या समारोपाच्या चित्रपटात मेगाट्रॉन बदलतो. युनिक्रॉन नावाच्या महाशक्तीने त्याच्या देहाचा ताबा घेतलेला असतो. दुसऱ्याच्या टाचेखाली राहणं काय असतं हे तो स्वतः भोगतो, आणि सुटका झाल्यावर डिसेप्टिकॉनांचा पक्ष संपला असं जाहीर करून एकटाच निघून जातो. स्टारस्क्रीमला मात्र हे मुळीच पटत नाही, त्याला पूर्वीचंच सगळं हवं असतं. नेता सुधारला तेव्हा त्याच्या सोबत चालायला कोणी उरलं नाही! इतकी वर्षं हे सगळे ज्याला धरून होते, तो मेगाट्रॉन नव्हताच.

या आठवड्याच्या चिंतनासाठी दोन प्रश्न देतो. ज्याच्यावर आपली निष्ठा आहे, त्याचं पद, पैसा, तब्येत उद्या गेली तर आपण त्याच्याजवळ असू का? आणि त्याची एखादी चूक आपण शेवटची कधी त्याच्या तोंडावर सांगितली होती? उत्तर समूहावर पाठवायची गरज नाही. ज्याला सांगायचं आहे त्यालाच जाऊन सांगावं.

शुभं भवतु.