मागे पडलेले आणि चुकलेले

'मागे पडले' आणि 'चुकले' हे दोन शब्द आपण फार सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. एखादी पद्धत, एखादे यंत्र, एखादी रीत लोकांनी सोडून दिली की ती चुकीचीच असली पाहिजे असे आपण धरून चालतो. याच्या विरुद्ध टोकाला दुसरा पंथ आहे. त्याच्या लेखी जुने ते सोने, आणि जे जे सोडले गेले ते केवळ जगाच्या उथळपणापायी. दोन्ही पंथांची एक मोठी सोय होते. वस्तू हातात घेऊन तपासण्याचे कष्ट दोघांनाही पडत नाहीत.

हे कष्ट ज्याला टाळता येत नाहीत असा एकच माणूस असतो, तो म्हणजे अशा सोडून दिलेल्या वस्तूचा मालक. वस्तू रोज त्याच्यासमोर उभी असते. तिच्याविषयी त्याने काय मानावे, लोकांना काय सांगावे, तिचे पुढे काय करावे, हे प्रश्न नीतीचे आहेत असे मला वाटते. त्यांचा विचार करण्यासाठी वाडा, पोथी किंवा आजोबांचे घड्याळ असले उदाहरण मुद्दामच घेत नाही. कारण तिथे आपला गळा लवकर दाटून येतो आणि विचार बाजूला राहतो. उदाहरण घेतो ते दूरचे आणि कोरडे : अमेरिकेतल्या जुन्या माउंटन बाइकचे, आणि त्यातही जिची धक्के सोसण्याची रचना चारचौघींसारखी नाही अशा सायकलचे.

या सायकलचा जन्म कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत झाला. १९७० नंतरच्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत. १९७६ मध्ये त्यांनी शर्यती सुरू केल्या. पेडल उलटे दाबले की लागणारा मागचा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर यांच्यासारख्यांनी खास या कामासाठी सायकली बांधल्या. तरी धक्के सोसायचे ते माणसाच्या हातांनी आणि गुडघ्यांनीच. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा मोटारसायकलच्या धर्तीचा, दोन नळ्यांचा पुढचा चिमटा आला, आणि १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी तो लावून उताराची शर्यत जिंकली. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे प्रयोगांची जत्रा होती. कोणी सीटच लवचीक दांड्यावर टांगले, कोणी रबराच्या ठोकळ्यांवर भरवसा ठेवला, कोणी सांध्यांचे जाळे विणले. त्यातल्या बहुतेक रचना आज दुकानात दिसत नाहीत. त्या सगळ्या चुकल्या होत्या काय? तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण एकसंध मागच्या त्रिकोणाचे. मागच्या चाकाला स्प्रिंग दिली की चाक वरखाली होताना पेडलांच्या आसापासूनचे त्याचे अंतर बदलते आणि चेन ओढली जाते. यावर एक सुबक तोड निघाली. पेडलांचा आस आणि मागचे चाक दोन्ही एकाच हलत्या भागावर बसवायचे, म्हणजे अंतर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. ट्रेक कंपनीची इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची सायकल याच जातीची. कागदावर गणित निर्दोष होते. पण सायकलवर माणूस बसतो हे गणितात पुरते आले नव्हते. सीटवर बसून राहावे तोवर मागची बाजू मऊ राही. स्वार पेडलांवर उभा राहिला की त्याचे सारे वजन त्या हलत्या भागावरच येई आणि स्प्रिंग जवळजवळ मुकी होई. खडकाळ उतारावर तर माणूस उभाच राहतो. म्हणजे मऊपणाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच तो नाहीसा होई. उभे राहून चढ चढणाऱ्याला मात्र हाच दोष वरदान वाटे. सारा हिशेब मांडला तर ही रचना मागे पडली ते योग्यच झाले असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटोक्रॉसपटूचे. अमेरिकेत त्यांनी एएमपी रिसर्च ही छोटी कंपनी काढली. त्यांच्या सायकलींना पुढे नळ्यांऐवजी सांध्यांचा, वजनाला हलका चिमटा असे. मागे चाकाच्या आसाच्या थोडा पुढे एक जादा सांधा दिलेला असे. त्यामुळे ब्रेक दाबला तरी मागची बाजू आखडत नसे. पुढच्या चिमट्याचे सांधे झिजून सैल होत, आणि ती कल्पना लवकरच बाजूला पडली. मागच्या सांध्याचे पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड या मोठ्या कंपनीने घेतले, आणि आजही अनेक कंपन्यांच्या सायकलींत तो सांधा 'हॉर्स्ट लिंक' याच नावाने ओळखला जातो. लाइटनर यांची कंपनी पुढे पिकअप गाड्यांना लागणाऱ्या पायऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली. माणूस एक, सायकल एक. तिच्या पुढच्या टोकाला काळाने नाकारलेली कल्पना आणि मागच्या टोकाला स्वीकारलेली.

तिसरे उदाहरण पाहून तर हसूच येते. २०००च्या सुमारास कॅननडेल कंपनीने 'लेफ्टी' नावाचा चिमटा आणला. त्याला पायच एक, तोही डावा. उजवीकडून पाहिले तर चाक नुसते अधांतरी. लोकांनी थट्टा केली, हे मोडणार असे भाकीतही केले. पण आपल्यापैकी कितीतरी जणांनी अशाच चाकावर बसून उभा जन्म काढला आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक आठवा. तिचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असे. ती युक्ती इटलीच्या व्हेस्पाची, आणि व्हेस्पाची रचना करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानविद्येतले अभियंते. विमानाचे चाक एका बाजूने धरता येते तर स्कूटरचे का नाही, हा त्यांचा हिशेब. नवरा, बायको, दोन मुले आणि पायाशी भाजीची पिशवी एवढा संसार त्या एकांगी चाकाने वाहिला. स्टेपनी बदलताना त्याचे सुखच वाटे. लेफ्टीत एकच पाय जाड करून आत सुईसारख्या बेअरिंग्ज बसवल्या, म्हणून तो ताणाखालीही अडकत नाही. कॅननडेल २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, मालक बदलले, पण लेफ्टी टिकला. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्तीही आली. इथे चूक यंत्रात नव्हती, पाहणाऱ्याच्या सवयीत होती.

तीन रचना, तीन निकाल. बाजाराने एकीला न्याय दिला, दुसरीला अर्धा न्याय दिला, तिसरीला आधी हसून मग स्वीकारले. यावरून एवढे तर नक्की ठरते की लोकांनी सोडले हा पुरावा अपुरा आहे, आणि मी जपले हाही पुरावा अपुराच आहे. पुरावा वापरातून मिळतो. म्हणून अशा वस्तूच्या मालकाला मी साक्षीदार म्हणतो. साक्षीदाराने वकील व्हायचे नसते. आपल्या सायकलचे गुण सांगताना तो उभे राहिल्यावर मुकी होणारी स्प्रिंग लपवू लागला, की त्याची साक्ष गेली. आणि चार जण हसतात म्हणून तो स्वतःच तिची टर उडवू लागला, तरीही गेली.

माझा एक भाचा बरीच वर्षे कॅलिफोर्नियात आहे. त्याच्याकडे अशीच एकसंध त्रिकोणाची सायकल आहे; कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. एका कॉलेजातल्या मुलाला ती घ्यायची होती. फोनवर भाच्याने विचारले, "मामा, तो काही विचारत नाही, नुसता रंगावर भुललाय. मी आपणहून किती सांगायचं?" प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. जुन्या रबराचे ठोकळे वर्षांनी कडक होऊन चिरतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे दुखणे आणखी वेगळे आहे. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते फार काळ टिकते. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही. बारीक बारीक धक्क्यांचाही हिशेब ते मनात ठेवते, आणि एखाद्या दिवशी वेल्डिंगच्या सांध्याजवळ केसाएवढी चीर दिसते. भाच्याला ते ठाऊक आहे. तो दर महिन्याला सांधे पुसून पाहतो आणि बेताच्या वाटेवरच सायकल काढतो. त्याने पत्करलेला धोका त्याचा स्वतःचा आहे. त्या मुलाला न सांगता सायकल दिली, तर तोच धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलल्यासारखा होतो. मी म्हटले, "तुला जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं सांग." त्याने सांगितले. मुलाने सायकल घेतली नाही. आता कोणी म्हणेल, खरे बोलून काय मिळवले, सायकल पडूनच राहिली. मला वाटते, त्या मुलाला स्वतः ठरवण्याची संधी मिळाली. तिची किंमत सायकलच्या किमतीहून जास्त आहे.

मग अशी वस्तू ठेवावीच कशाला? आक्षेप खरा आहे. दुर्मीळ वस्तू बाळगण्यात 'मी चारचौघांसारखा नाही' ही मिरवणूक पुष्कळदा असते. जुन्या २६ इंची चाकांच्या सायकलींना चांगले सुटे भाग मिळणेही आता अवघड होत चालले आहे. काही छोटे कारागीर जुन्या चिमट्यांसाठी रबर आणि सांधे बनवून देतात, पण शोधावे लागते, थांबावे लागते. इथे एक जुना प्रश्नही डोके वर काढतो. मिलिंद राजाला नागसेन विचारतो की रथ म्हणजे आस काय, चाके काय, की दांडा? ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची गोष्ट आहे : फळ्या एकेक करून बदलल्या, मग जहाज तेच राहिले काय? सायकलच्या मालकाला याचे उत्तर व्यवहारातच द्यावे लागते. टायर, चेन, तारा, रबर बदलले तरी सायकल तीच राहते. स्प्रिंगच्या जागी लोखंडी पट्टी ठोकून दिली, तर रंग आणि नाव जुने असूनही ती दुसरीच झाली. तिचे तेपण एका कल्पनेत होते, आणि ती कल्पना चालू राहिली तरच जपल्याला अर्थ. भिंतीवर टांगलेल्या सायकलकडून कसलीच साक्ष मिळत नाही.

म्हणून मला ठेवण्याचे एकच समर्थन पटते. कुणीतरी विचार करून, घाम गाळून एक वाट काढली होती; ती कुठवर जाते आणि कुठे अडते हे प्रत्यक्ष दाखवता येईल, अशी एखादी प्रत तरी चालती असावी. छायाचित्रात त्या सायकलीचा आकार दिसतो, पण उभे राहिल्यावर तळव्यांना होणारी जाणीव छायाचित्रात येत नाही. ही जाणीव ज्याच्यापाशी आहे त्याने ती मागणाऱ्याला खुल्या मनाने द्यावी, हातातल्या पान्यासकट द्यावी. आणि ज्या दिवशी त्या केसाएवढ्या चिरेने आपली साक्ष नोंदवली, त्या दिवशी तिला रस्त्यावरून काढून घेण्याइतका कोरडेपणाही त्याच्यापाशी असावा. एखाद्या गोष्टीवर प्रेम आहे म्हणून तिच्याविषयी खोटे बोलायचे नाही, आणि जग हसते म्हणून तिच्याविषयीचे खरे गिळायचे नाही. मालकीहक्काच्या कागदावर हे कलम कुठेच छापलेले नसते. पाळायचे मात्र तेवढेच असते.